माणदेशातली गरिबी कशानं कमी झाली? रोजगार हमी, डाळिंब आणि टेंभूचं पाणी

माणगंगाकाठ (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठामपणे लिहिलं होतं, की सरकारी योजनांनी खेड्यातली गरिबी कधीच कमी झाली नाही, जी झाली ती पोरं पुण्या-मुंबईला गेली म्हणून. तिथं उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं वाढत गेलं, की वेगळा धागाच काढतोय.

मी आटपाडी तालुक्यातला. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तासा-दीड तासाच्या अंतरावर कृष्णाकाठचा ऊस, कारखाने, दूध संघ. आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, आणि तोही दर वर्षी पडेलच असं नाही. ‘पश्चिम महाराष्ट्र सधन’ असं कुणी म्हटलं की आमच्या माणसाच्या जिवाला लागतं, कारण त्या सरासरीत आम्ही कधी दिसलोच नाही.

१९७२ चा दुष्काळ आमच्या घरात अजून बोलला जातो. आई पाझर तलावाच्या कामावर होती. चौकडी (चौकोनी खड्डा) खणायची, मधे मातीचा एक खुंट तसाच राखायचा, म्हणजे किती खोल खणलं ते मोजणाऱ्याला कळतं. बाया पाट्या वाहायच्या, पोरांना सुकडी मिळायची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. गुरं गेली, पण माणसं उपाशी मेली नाहीत. मागेल त्याला काम ही कल्पना मांडली विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी. ते तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. साठच्या दशकात तिथंच त्यांनी आधी प्रयोग करून पाहिला होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. देशाचा कायदा व्हायला त्यानंतर २००५ उजाडलं.

पण नुसत्या मजुरीनं आमची गरिबी गेली नाही. काम असेतोवर चूल पेटायची, काम बंद झालं की पुन्हा ऊसतोडीच्या मुकादमाच्या दारात. खरा फरक पडला तो १९९० नंतर, रोजगार हमीला फळबाग जोडली तेव्हा. सरकारी रस्त्यावर खडी फोडायची मजुरी घेण्याऐवजी स्वतःच्या माळावर खड्डे घ्या, रोपं लावा, त्याचीच मजुरी घ्या. पैसे तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं आणि तेही जगलेल्या झाडांच्या प्रमाणात. त्यामुळे उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी वाहून झाडं जगवणारी माणसं मी पाहिलीत. ज्या मुरमाड रानात हुलगा, मटकी, बाजरीशिवाय काही येत नव्हतं, तिथं बोर आणि डाळिंब उभं राहिलं. सांगोला-आटपाडीचं डाळिंब दुबईला जाऊ लागलं ते याच पायावर.

तिसरी गोष्ट पाणी. टेंभू योजना १९९६ ची. कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवत सातारा, सांगली, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत आणायचं, २२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, सुमारे ८० हजार हेक्टर. कागदावरून शिवारात यायला किती वर्षं गेली ते आम्हाला विचारा. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा आटपाडीत वर्षानुवर्षं भरवल्या नसत्या, तर ते पाणी आजही वाटेतच असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर माझं म्हणणं एवढंच: योजनेनं किती दिवस काम दिलं यापेक्षा काम संपल्यावर गरिबाच्या स्वतःच्या रानात काय उरलं, ते मोजा. विहीर उरली, झाडं उरली, बांध उरला, तर ते घर पुन्हा खाली जात नाही. इतर भागांतल्या लोकांचे अनुभव वाचायला आवडतील.

दादरचा चाकरमानी

फार चांगला धागा. यात शहराचा वाटा लिहायचा राहिला, तो मी लिहितो. आमच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असा वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. तो १९७५ साली लावला गेला तो मुख्यतः रोजगार हमीसाठी. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, अशी मूळ रचना. मुंबईच्या पगारदारानं माणदेशातल्या मजुराची हमी घ्यायची, हा विचार त्या काळात राज्यानं कायद्यात आणला याचा मला मनापासून अभिमान वाटतो. माझ्या ऑफिसातल्या एकाही तरुणाला हा कर कशासाठी ते माहीत नव्हतं. सांगितल्यावर दोघांनी पगाराची चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली.

हा निधी वर्षानुवर्षं पूर्ण खर्च होत नव्हता, यावर मात्र कुणीतरी जाणकारानं लिहावं.

निवृत्त शाखा अभियंता

खर्च का होत नव्हता, ते सांगतो. माझी बरीच नोकरी लघुपाटबंधारे आणि रोजगार हमीच्या कामांवर गेली.

मजुरांची मागणी आली की पंधरा दिवसांत काम द्यायचं, हा नियम. त्यासाठी मंजूर कामं आधीच ‘सेल्फ’वर, म्हणजे तयार कामांच्या यादीत, हवीत. सर्वेक्षण, अंदाजपत्रक, जमीनमालकाची संमती हे सगळं आधी झालेलं असेल तरच ते शक्य. ज्या तालुक्यात माणसं जागरूक, जिथं संघटना तहसीलवर मोर्चा नेत होत्या, तिथं सेल्फ भरलेलं असायचं. जिथं खरी गरिबी पण आवाज नाही, तिथं सेल्फ रिकामं. म्हणजे पैसा गरज असेल तिथं जाण्याऐवजी मागणी नोंदवता येईल तिथं जायचा.

दुसरा मुद्दा कामाच्या दर्जाचा. पाझर तलाव गळायला हवा, तो गळतो म्हणूनच खालच्या विहिरींना पाणी येतं. पण तो बांधाखालून, पायातून गळता कामा नये. त्यासाठी बांधाच्या पोटात कठीण थरापर्यंत खंदक घेऊन चिकण मातीनं भरून दाबावा लागतो. टंचाईच्या घाईत अनेक ठिकाणी मजूर होते, माती होती, पण दाबायला पाणी नव्हतं. कोरड्या मातीचे बांध उभे राहिले. त्यातले काही आजही नुसत्या टेकाडासारखे पडून आहेत. जागा नीट निवडली, मातीची दबाई झाली, तिथं पन्नास वर्षांनंतरही खालच्या शिवारातल्या विहिरी मार्चपर्यंत पुरतात. एकाच खात्यानं एकाच वर्षी केलेली ही दोन्ही प्रकारची कामं मी पाहिली आहेत. म्हणून धागाकर्त्यांच्या मापात ‘काय उरलं’च्या जोडीला ‘ते काम करतंय का’ हेही धरा.

काजूवाली सावंतवाडी

आमच्या सिंधुदुर्गात काजूच्या बागा मोठ्या प्रमाणात त्याच फळबाग योजनेतून झाल्या. माझ्या आजोबांची डोंगरावरची वरकस जमीन त्याआधी फक्त गवताला होती. आज घरातल्या दोघींची शिक्षणं त्या काजूवर झाली. धागाकर्त्यांना पूर्ण अनुमोदन.

फडावरची लेक

मी बीड जिल्ह्यातली, शिरूर कासार भागातली. आईवडील दोघंही ऊसतोड कामगार. हा धागा दोनदा वाचला. चांगलं लिहिलंय, पण यात आमची माणसं कुठं आहेत?

‘स्वतःच्या रानात काय उरलं’ हे माप ज्याला रान आहे त्याला लागू पडतं. माझ्या वडिलांच्या वाट्याला आलं ते नावापुरतं खडकाळ रान, आमच्या चुलत्यांना तेही नाही. दिवाळी झाली की मुकादम यायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यामागं उचल (आगाऊ रक्कम) ठरायची, ती आधीच लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली असायची. मग टोळी ट्रकमध्ये बसून कृष्णाकाठी नाहीतर कर्नाटकात. पहाटे चारला फडात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, आणि गाडी भरायला कारखान्याचं वाहन येईल तेव्हा, मग रात्रीचे बारा वाजू देत. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशेब व्हायचा आणि दरवेळी आमच्याकडंच बाकी निघायची, ती पुढच्या हंगामावर.

या खाड्याच्या भीतीनं बायकांनी काय केलं ते २०१९ साली साऱ्या देशानं वाचलं. सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायका तपासल्या, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. माझ्या मावश्या त्यात आहेत. पस्तिशीच्या आतल्या.

मग रोजगार हमीच्या कामावर गावातच का नाही थांबत, असं शहरातले लोक विचारतात. थांबलो असतो हो. पण मुकादम उचल एकरकमी आणि आधी देतो. रोजगार हमीची मजुरी काम झाल्यावर, कधी दोन-दोन महिन्यांनी खात्यात यायची. पुढं तर मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी आली, माळावर रेंज नसली की दिवस वाया. कर्जदाराला उद्या मिळणारे पाच पैसे उपयोगाचे नसतात, त्याला आज लागतात. उचल मोडल्याशिवाय आमच्याकडची गरिबी जाणार नाही.

माणगंगाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे. आमच्याकडच्या जत तालुक्यातूनही टोळ्या जातात आणि तिथलं चित्र तुम्ही लिहिलंय तसंच. उचलीच्या मुद्द्यावर तुमच्याशी पूर्ण सहमत. मजुरी वेळेवर न देणं म्हणजे गरिबाला हातानं मुकादमाकडं ढकलणं आहे. भूमिहीनांबद्दल सविस्तर लिहितो, आधी बाकीच्यांचं येऊ द्या.

सांगोल्याचा माळ

डाळिंबाबद्दल थोडं सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना अजून २०१० चंच चित्र माहीत आहे. आमच्या गावात एका वेळी जिकडं बघावं तिकडं डाळिंब होतं. पत्र्याची घरं जाऊन बंगले झाले, पोरं इंजिनिअरिंगला गेली. आधी तेल्या रोग आला, तो औषधांवर औषधं मारून कसाबसा आवरला. मग मर रोग आणि खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा. सलग पावसाळी वर्षं आली आणि २०२१-२२ च्या सुमारास चांगल्या चांगल्या बागा मुळासकट काढाव्या लागल्या. जेसीबी लावून ढीग केले नि पेटवले. माझ्या स्वतःच्या बागेचं तेच झालं. सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथले शास्त्रज्ञ बांधावर येऊन गेले, सल्ले दिले. पण ज्याच्या डोक्यावर बागेचंच कर्ज होतं तो पुन्हा नवी रोपं कुठल्या पैशानं लावणार?

तरी एक सांगतो. आम्ही पडलो, पण १९७२ च्या पातळीवर नाही गेलो. शेततळं होतं, ठिबक होतं, विहीर होती. कुणी ढोबळी मिरची केली, कुणी पेरू, सीताफळ. पोरगं नोकरीला लागलेलं होतं. धागाकर्ते म्हणतात ते ‘घर पुन्हा खाली जात नाही’ हे बऱ्याच अंशी खरं निघालं. फक्त सगळा तालुका एकाच पिकावर उभा करू नका, ही हात जोडून विनंती.

आकडेवाला

थोडी आकडेवारी. निती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात (आरोग्य, शिक्षण, राहणीमान) महाराष्ट्रातली गरिबांची टक्केवारी २०१५-१६ मध्ये १५ च्या आसपास होती, २०१९-२१ मध्ये ती ८ च्या आत आली. पाच वर्षांत जवळपास निम्मी. पण २०१५-१६ ला एकट्या नंदुरबारमध्ये निम्म्याहून जास्त लोक या व्याख्येनं गरीब होते. राज्याची सरासरी घेऊन नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबाला काहीच सांगता येत नाही.

माणदेशाच्या तक्रारीचं मूळही इथंच आहे. वि. म. दांडेकर समितीनं १९८४ साली प्रादेशिक अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांची विकासातली तूट, काढला, ३,१८६ कोटींचा. काम ऐतिहासिक होतं, पण मोजणीचा घटक जिल्हा होता. सांगली जिल्ह्यात वाळव्याचा ऊस आणि जतचा माळ एकत्र मोजला गेला की जतचा अनुशेष दिसेनासा होतो. विजय केळकर समितीनं २०१३ च्या अहवालात तालुका हा घटक धरला, तो जास्त न्याय्य होता. त्यावर नंतर जेवढं काम व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

वऱ्हाडातून

सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. तालुका घटक धरायला आमची हरकत नाही, पण त्या नावाखाली विदर्भ-मराठवाड्याचा सिंचनाचा पैसा पुन्हा तिकडेच वळू नये, ही आमची भीती अनुभवातून आलेली आहे. १९९४ साली वैधानिक विकास मंडळं मिळाली, राज्यपालांचे निर्देश मिळाले, तेव्हा कुठं निधीवाटपात थोडी शिस्त आली. २०२० च्या एप्रिलमध्ये मंडळांची मुदत संपली. आमच्याकडचा कोरडवाहू कापूसवाला अजूनही एका पावसाच्या खंडावर उभा आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ज्याला रोजगार हमीतून सिंचन विहीर मिळाली आणि तिला वेळेवर वीजजोडणीही मिळाली, त्याचं घर सावरलं. नुसती विहीर खणून जोडणीची वाट पाहणाऱ्याचं नाही.

बाजारपेठ

माझं मत वेगळं आहे. माणदेश सावरला तो माणसं बाहेर पडली म्हणून. खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरले, केरळपासून बंगालपर्यंत. तो पैसा गावात आला, त्यातून विहिरी खणल्या, पाइपलाइनी झाल्या, देवळं आणि शाळा बांधल्या. डाळिंब आखातात गेलं ते व्यापाऱ्यानं मार्ग काढला म्हणून. सरकारनं रस्ते, वीज, शिक्षण द्यावं आणि बाजूला व्हावं. उपसा योजनांच्या विजेचं ८१ टक्के बिल सरकार भरतं, शेतकरी १९ टक्के. असं किती वर्षं चालेल?

माणगंगाकाठ

गलाईवाल्यांचं योगदान मोठंच आहे, माझे दोन मामा त्याच धंद्यात होते. पण बाहेर पडता आलं ते ज्याच्या नात्यात आधी कुणी गेलेलं होतं त्याला. धनगरवाड्यावरच्या मेंढपाळाला आणि रामोशी वस्तीवरच्या मजुराला कुणी दुकानात ठेवून घ्यायला नव्हतं. त्यांच्यासाठी हमीचं कामच होतं. आणि बाहेरून आलेल्या पैशानं खणलेल्या विहिरीला पाणी लागलं ते वरच्या पाझर तलावामुळं, हेही खरं आहे.

८१-१९ बद्दल: कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला धरणाचं पाणी उताराच्या कालव्यानं येतं, त्या धरणाचा खर्च साऱ्या राज्यानं केलाय. आम्ही उंचावर राहतो हा आमचा गुन्हा नाही. पण त्याच पाण्यावर आमच्याकडं आता ऊस दिसायला लागलाय, आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. तीनशे मीटर वर चढवलेलं पाणी पाटानं उसाला सोडायचं, आणि शेवटच्या टोकाच्या गावानं अजून वाट बघायची. बंदिस्त पाइपलाइन आणि ठिबक हीच अट हवी.

फडावरची लेक

म्हणजे तुमच्याकडं ऊस वाढला की आमच्या टोळ्या तिकडंही येणार.

२०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला ३६६ रुपये झाला. वाढ हवीच होती, संपाशिवाय ती मिळाली नसती. पण मला आमच्या पोरांच्या हातात चांगल्या दराचा कोयता नको, कोयताच नको. भूमिहीनांबद्दल लिहिणार होतात ना, दादा?

माणगंगाकाठ

लिहितो, ताई.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आज पुन्हा वाचावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसासारखं बारमाही पीक त्या पाण्यावर घ्यायचं नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. त्याच्याकडं जमीन नसली तरी पाण्याचा हक्क असला, की जमीनवाल्याला त्याच्याशी वाट्यानं शेती करावी लागते. मजूर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून. आटपाडीच्या चळवळीत समन्यायी पाणीवाटपाची मागणी झाली तीही याच विचारातून.

तुम्ही विचारलंत ‘आमची माणसं कुठं’, त्याचं मला सुचणारं उत्तर हे: सार्वजनिक पैशानं जे पाणी, जो तलाव, जी झाडं उभी राहतात, त्यात भूमिहीनाचा नावानिशी हिस्सा लिहिलेला हवा. पाझर तलावातली मासेमारी, गायरानावरची सीताफळ-चिंचेची लागवड, तलावातला गाळ उचलायचा हक्क, हे सगळं गावातल्या भूमिहीन बायकांच्या गटांना लांब मुदतीच्या करारानं देता येतं.

निवृत्त शाखा अभियंता

गायरानाच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट. लागवड करून दिली आणि करार तोंडी ठेवला, तर झाडं फळाला आली की गावातला जोरदार माणूस बोली लावतो आणि गट बाहेर पडतो. हे मी पाहिलंय. म्हणून लागवडीआधी ग्रामसभेचा ठराव, त्यात गटातल्या बायकांची नावं, फळाचा हक्क किती वर्षं आणि पाणी कुठून द्यायचं, एवढं लिहून घ्या. पहिली तीन वर्षं झाडं जगवण्याची मजुरीही त्याच बायकांना द्या, म्हणजे त्या काळात त्यांना उचल घ्यावी लागणार नाही. मजुरी दर आठवड्याला हातात पडली पाहिजे. ती थकली तर त्या दिवाळीनंतर जाणारच.

फडावरची लेक

काका, हे कामाचं लिहिलंत. आमच्या गावाला गायरान आहे, निम्म्यावर अतिक्रमण आहे, पण उरलेल्यावर दोनेकशे चिंच-सीताफळं सहज बसतील. बायकांचा बचत गट आहे, नोंदणीही आहे. टोळ्या अजून गावात आहेत, निघायच्या आत ग्रामसभा लावता येईल. ठरावाचा मसुदा कसा लिहायचा ते व्यक्तिगत निरोपातून पाठवाल का? आणि सांगोल्याच्या दादा, सीताफळाची रोपं कुठल्या जातीची घेऊ, मुरमाड जमीन आहे, पाणी टँकरचंच मिळेल.

सांगोल्याचा माळ

ताई, कमी पाण्यावर बाळानगर जात टिकते. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याला आच्छादन आणि झाडाजवळ मडकं पुरून पाणी द्या, मडक्याला खाली बारीक भोक पाडून त्यात वात घाला. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतरच लावा, आधी नको. खड्डे मात्र उन्हाळ्यातच घेऊन तापू द्या. आमच्या ओळखीच्या रोपवाटिकेचा पत्ता निरोपातून देतो.